पदर ओढला की

"डायपर लागतो का याला?" प्लेस्कूलच्या बाईंनी विचारलं, आणि सिंधुबाईंना हसूच आलं.

"न्हाई ओ. शू आली की माझा पदर वढतो."

नांदेडच्या त्या प्लेस्कूलमध्ये डायपरवालं लेकरू घेतच नसत. वरद मात्र दीड वर्षाचा असतानाच डायपरातून सुटला होता, आणि ती सगळी मेहनत आजीची. झोपेतून उठला की, दूध प्यायला की सिंधुबाई मोरीत पाय पसरून बसायच्या, त्याला दोन्ही पावलांवर बसवायच्या आणि शू-शू करायच्या. सुनेनं, ऋतुजानं, आधी नाक मुरडलं. पुढे तीच मैत्रिणींना फोनवर कौतुक सांगायला लागली, तेव्हा म्हातारीच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

दिवाळीत आदिनाथ लोह्याजवळच्या गावी आला होता. "आई, म्हैस इकून टाक. आता आमच्यापाशीच राहा, कायमची." पोरानं एवढं म्हटल्यावर ही कशाला थांबते? म्हैस विकली, घर दिराच्या पोराला, मारोतीला, राहायला देऊन टाकलं. शेजारणी म्हणाल्या, जरा दमानं घे. ऐकते कुणाचं!

"छान," बाई म्हणाल्या. "मग आजी, आता गावी परत का? आदिनाथसर दिवाळीआधीच सांगून गेले होते. आईला आणतो, ती शिकवेल, अ‍ॅडमिशन झाली की ती जाईल म्हणाले."

सिंधुबाईंनी लेकाकडे बघितलं. तो मोबाइलमध्ये बघत होता. ऋतुजा पर्सची चेन उघडझाप करत होती.

पोटच्या पोरानं फसवावं? अरे, खरं सांगितलं असतंस तरी आले असते की. चार महिन्यांसाठी बोलावलं असतंस, तरी पळत आले असते. त्यांचा जीव नुसता जळत होता.

तेवढ्यात वरदनं पदर ओढला.

त्या हलल्या नाहीत. कुणाला कळणार होतं? जरा वेळ गप्प बसलं, तर इथंच चटईवर ओलं होईल, अ‍ॅडमिशन बोंबलेल आणि आपण राहू. वरदनं पुन्हा ओढला. या वेळी तोंड रडवेलं झालं होतं. पाय आवळून तो त्यांच्याकडेच बघत होता.

"मोरी कुठं हाय, बाई?" त्या उठल्या.

आतल्या ओल्या फरशीवर, नव्या लुगड्यानिशी, त्या पाय पसरून बसल्या. लेकरू मोकळं झालं तसं हसलं. त्यांनी त्याला धुतलं, पुसलं, चड्डी घातली आणि बाहेर आणून त्याच्या आईच्या हातात दिलं.

अ‍ॅडमिशन झाली. फाटकापाशी आदिनाथ घसा खाकरत म्हणाला, "आई, घाई न्हाई काही. पुढच्या आठवड्यात बघू लोह्याच्या बसचं."

"आजचीच बघ."

"आगं, पण घरात मारोती हाय. राहशील कुठं?"

"ते तू नको बघूस," सिंधुबाई म्हणाल्या. "तू बस बघ."