पाचही मापं एका उंचीची

भट्टीतून निघालेलं शेवटचं माप ताईनं टेबलावर ठेवलं. पाचही मापं एका उंचीची होती.

"वा, पंचजुळी!" मी म्हणालो. ताई हसली नाही.

माझी ही बहीण आमच्या शाळेत मातीकाम शिकवते, मी विज्ञान. तिचा वर्ग बंद करून तिथं परीक्षेच्या सरावाची खोली करायचं घाटत होतं. मातीतून गणित शिकवता येतं हे शाळेच्या समितीला पटलं, तरच वर्ग टिकणार होता. म्हणून तिनं एका संग्रहालयाच्या खुल्या डिजिटल संग्रहातून धान्य मोजायच्या जुन्या मापांचे फोटो निवडले. हे फोटो कुणीही घ्यावेत, बदलावेत, शिकवायला वापरावेत, अशी तिथं मुभाच होती. प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. मुलं ती घडवणार आणि वाळू ओतून दुप्पट सिद्ध करणार.

"फोटोखाली सेंटिमीटरची पट्टी असते ना गं?"

"होती. बेंगरूळ दिसत होती, कापली. आणि प्रत्येक माप पानभर मोठं करून छापलं, मुलांना नीट दिसावं म्हणून."

मुलांनी पानाला लावून लावून हुबेहूब घडवलं होतं. गट वेगळे, दिवस वेगळे, प्रत्येक माप ओल्या फडक्यात गुंडाळलेलं. भट्टी रचणारे शिपाईकाका म्हणाले, "मला वाटलं, एकाच गिऱ्हाइकाची ऑर्डर आहे."

समिती दुसऱ्या दिवशी येणार होती. नवी मापं तोवर वाळलीसुद्धा नसती.

"मूळ फोटो पट्टीसकट पडद्यावर दाखव," मी सुचवलं. "चूकच शिकवू. मुलं पट्टीवरून खरी उंची काढतील, मग घनफळ."

दुसऱ्या दिवशी समितीसमोर तसंच केलं. मुलांनी पडद्यावर पट्टी मोजली, गुणोत्तरं मांडली. उत्तर दुपटीच्या अगदी जवळ आलं. ताईचा चेहरा उजळला. समितीच्या अध्यक्षबाईंनी टाळ्या वाजवल्या.

"फारच छान! म्हणजे हे सगळं पडद्यावरच होतंय की. मग माती कशाला हवी?"

ताईनं माझ्याकडे बघितलं. धडा माझाच होता आणि त्यात माती कुठंच लागली नव्हती.

"आणि ही पानभर चित्रं किती देखणी आहेत," बाई म्हणाल्या. "सरावाच्या खोलीत भिंतीवर शोभतील."

ताईनं पाचही पानं गोळा केली, कडा जुळवल्या.

"लॅमिनेट करून देऊ?" तिनं विचारलं.