सुटलेलं वाक्य

"प्रश्न चौथा," पर्यवेक्षक सरांनी वाचलं. "अभ्यासलेल्या अमेरिकन कादंबरीतील उपरोध आणि सामाजिक टीका सोदाहरण स्पष्ट करा. गुण वीस."

हर्षालीने प्रश्नाचा क्रमांक लिहून खाली रेघ मारली आणि पेन धरून बसली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला रामनाथ बसला होता. जुन्नरच्या त्या परीक्षा केंद्रात त्यांना वेगळी खोली दिली होती. खोलीत ते दोघं आणि दाराशी खुर्ची टाकून बसलेले सर, एवढेच.

महाळुंगे पडवळमध्ये रामनाथची पिठाची गिरणी होती. दोन्ही डोळ्यांनी त्याला लहानपणापासूनच दिसत नव्हतं. चाळिशीला आल्यावर त्याने मुक्त विद्यापीठात बीएला नाव घातलं आणि मोबाईलवर धडे ऐकून शेवटच्या वर्षापर्यंत आला. परीक्षेला लेखनिक हवा होता, शिक्षणाने त्याच्यापेक्षा कमी. हर्षाली बारावी झालेली होती. अठ्ठ्याहत्तर टक्के मिळाले, त्याच सुट्टीत लग्न झालं. तेव्हापासून पंधरा वर्षं तिचं वळणदार अक्षर बचत गटाच्या इतिवृत्तात आणि लग्नपत्रिकांच्या पाकिटांवर खर्च होत होतं. तिच्या नवऱ्याचा, अमृतचा, गावात एक सेवा मंच होता. पहिल्या पेपरला त्यानेच दोघांना गाडीतून आणलं, फाटकाशी फोटो काढला आणि 'अंध बांधवास मंचाचा हात' असं लिहून गावाच्या ग्रुपवर टाकला. पुढच्या पेपरांना दोघं एसटीने आली.

"लिहा वैनी," रामनाथ म्हणाला. एरवी गावचं बोलणारा हा माणूस उत्तर सांगताना पुस्तकासारखं बोलायचा. "या कादंबरीतील मुलगा अडाणी आहे, म्हणूनच त्याला सगळे नीट दिसते. ज्या भल्या माणसांनी त्याला प्रार्थना शिकवली, तीच माणसे माणूस विकत घेतात. पळालेल्या गुलामाला मदत करणे हे पाप आहे, असे त्यांनीच त्याला सांगितलेले आहे. लेखक त्यांना कुठेही शिव्या देत नाही. ती माणसे स्वतःला किती चांगली समजतात, एवढेच तो दाखवतो. वाचकाला आधी हसू येते आणि मग लाज वाटते."

हर्षाली भराभर लिहीत होती. गुलाम म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे काही येत नव्हतं, पण शेवटचं वाक्य तिला आवडलं.

"नवा परिच्छेद. हा उपरोध समजण्यासाठी अमेरिकेत जाण्याची गरज नाही. आमच्या गावात दर वर्षी अपंग दिनाला माझा सत्कार होतो. मला शाल, श्रीफळ आणि पांढरी काठी देतात. माझ्याकडे सध्या पाच काठ्या आहेत. मला बोलायला मात्र कधी सांगत नाहीत."

सर दाराशी किंचित हसले. हर्षालीचं पेन चालूच होतं.

"गेल्या वर्षी कार्यक्रम संपल्यावर सगळे मांडवामागे जेवायला गेले. एक बाई मला म्हणाल्या, तुम्ही इथेच बसा, मी ताट घेऊन येते. त्या मला विसरल्या. मांडववाल्याने सगळ्या खुर्च्या उचलल्या. शेवटी माझी उचलायला आला, तेव्हा त्याला मी दिसलो."

पेन थांबलं.

ती बाई हर्षालीच होती, आणि कार्यक्रम अमृतच्या मंचाचा. ताट वाढून ती निघालीही होती. तेवढ्यात पाहुण्यांच्या पंगतीत जागा कमी पडली म्हणून अमृतने हाक मारली आणि ते ताट तिकडेच गेलं. रामनाथ घरी गेला असेल असं ती धरून चालली. रात्री भांडी घासताना आठवलं, पण विचारायचं कुणाला?

तिने बाई आणि ताटाची दोन वाक्यं गाळली आणि 'मांडववाल्याने' पासून पुढे लिहिलं. सर खिडकीबाहेर बघत होते.

"जरा वाचून दाखवा," रामनाथ म्हणाला.

तिने परिच्छेद वाचला. गाळलेल्या जागी आल्यावर ती दोन वाक्यं कागदावर असल्यासारखी तोंडपाठ म्हटली आणि तशीच पुढे गेली. एकही शब्द चुकला नाही.

"बरोबर," रामनाथ म्हणाला आणि पुढचं सांगायला लागला. कादंबरीतली माणसं दुष्ट नाहीत, हे त्याला मुद्दाम लिहायचं होतं. त्यांना कुणी काही विचारलेलं नसतं, म्हणून ती तशी असतात, असं त्याचं म्हणणं. ते तिने शब्दाला शब्द लिहून घेतलं.

उत्तर संपलं तेव्हा वीस मिनिटं उरली होती. सर पुरवण्या बांधायला दोरा घेऊन आले.

"सर, थांबा जरा," हर्षाली म्हणाली. तिने मागचं पान उघडलं, दोन ओळींच्या मधे खूण केली आणि समासात बारीक अक्षरात लिहू लागली.

"हे काय चाललंय? लेखनिकाला आपल्या मनाचं लिहिता येत नाही, बाई."

"त्यांनीच सांगितलेली वाक्यं हैत. माझ्याकडनं सुटली व्हती."

सरांनी रामनाथकडे पाहिलं. "बरोबर आहे का हो?"

"व्हय सर. ऱ्हायली असतील. लिहू द्या."

समासातलं अक्षर तिचं नेहमीसारखं आलं नाही. पण वाचता येत होतं.

जुन्नरच्या स्टँडवर मंचरच्या गाडीची वाट बघत दोघं बाकावर बसली. हर्षालीने दोन कप चहा आणला आणि एक त्याच्या हातात नीट धरवून दिला.

"भाऊजी, ती बाई कोण व्हती, तुमाला ठाऊक हाय ना?"

"आवाज कसा इसरंल, वैनी?"

"मग मी वाचलं तवा..."

"तुमचं पेन थांबलं व्हतं. म्हनून वाचा म्हनलं. वाचलं तुमी सगळं, पण तेवढं लिवल्याचा आवाज काय आला नव्हता."

हर्षालीने आपला कप बाकावर ठेवला. ती म्हणाली, "ताट वाढलं व्हतं मी, देवाशप्पथ. ह्यांनी हाक मारली, पावण्यांकडं गेलं ते."

"आसंच काय तरी झालं आसंल, असं वाटलंच व्हतं."

"मग वरीसभर बोलला का न्हाई?"

"पेपरात बोलायला वीस मार्क हैत. गावात बोलून काय मिळतंय?" रामनाथने चहा संपवला. "आनि तुमचं अक्षर चांगलं हाय असं सगळेच म्हणत्यात. लेखनिक म्हनून मला येवढंच पायजे व्हतं."

जुलैत निकाल लागला. रामनाथ द्वितीय श्रेणीत पास झाला. अमृतने रविवारी दहा वाजता भैरवनाथाच्या देवळापुढे सत्कार ठेवला आणि बॅनर छापला. त्यावर अमृतचा फोटो रामनाथच्या दुप्पट होता. तो आमंत्रण द्यायला गिरणीत गेला तेव्हा रामनाथ म्हणाला, "यीन की. पण दोन मिनटं माईक द्या."

"पावण्यांचं भाषण झाल्यावर बघू," अमृत म्हणाला. "मग मीबी बघतो," रामनाथ म्हणाला, आणि अमृतने ते घरी हसत सांगितलं.

रविवारी हर्षालीकडे औक्षणाचं काम होतं. साडेनऊला तिने आरतीचं ताट तयार करून सासूपुढे, साळुबाईंपुढे, ठेवलं आणि ज्वारीचा डबा उचलला.

साळुबाईंनी विचारलं, "आत्ता कुठं? आज काय दळनाचा दिवस हाय का?"

"पीठ सपलंय," हर्षाली म्हणाली.

गिरणी उघडीच होती. अंगभर पीठ घेऊन रामनाथ कुणाचा तरी गहू दळत होता. तिचा आवाज ऐकून त्याने तो गहू दळून काढला, मोटर बंद केली आणि गिरणीच्या तोंडाशी उरलेलं गव्हाचं पीठ हाताने सारून घेतलं. आवाज थांबल्यावर देवळावरचा कर्णा स्पष्ट ऐकू येऊ लागला. अमृत बोलत होता. आमचे बंधू रामनाथ, जिद्द म्हणजे काय ते त्यांच्याकडून शिकावं, काही अपरिहार्य कारणामुळे ते आज येऊ शकले नाहीत. टाळ्या झाल्या. मग पाहुण्यांची नावं सुरू झाली.

रामनाथ पिठाचे हात झटकत ऐकत होता. हर्षाली डबा घेऊन उभी होती.

"करू का चालू?" त्याने विचारलं.

"करा," ती म्हणाली.

त्याने ज्वारी वर ओतली आणि बटण दाबलं.