दोन बुडांची बादली

मी बादली बोलतेय. कसली ते आत्ताच सांगितलं तर नाक धरून पळाल. म्हणून आधी पैज लावते: माझी गोष्ट कशी संपते ते ओळखून दाखवा. नाही जमायचं तुम्हाला.

जन्म माझा दुधासाठी. गोठ्यात गाईखाली बसायचे, लाडाची होते. मग लढाई आली. गाई कापून खाल्ल्या आणि मला नेलं कैदी सैनिकांच्या छावणीत. दिवसभर दगड फोडायचे बिचारे. अंधार पडला की बराकीला बाहेरून कुलूप. मग अख्खी बराक माझ्यात. कळलं ना? हां, आता धरा नाक.

सकाळी मला रिकामी करायचं काम लंबूकडं. लढाईआधी तो पत्र्याची भांडी बनवायचा. छावणीच्या साहेबाला खत फुकट हवं, म्हणून लंबू मला बटाट्याच्या शेतात ओतायचा. तेच बटाटे साहेब मिटक्या मारत खायचा, कैद्यांना नुसतं सालपटांचं पाणी. आता सांगा, घाण मी का तो?

लंबूचा थोरला भाऊही तिथंच कैदी. दादा. जुलाबांनी पार झिजलेला, उठवत नव्हतं. पोटात काही गेलं नाही तर गेलाच म्हणून समजा. त्यातही स्वच्छतेचं वेड मेल्याला. पावाचा तुकडा खायचा तरी आधी बोटं बर्फानं चोळणार.

लंबूनं पत्रा कापून माझ्यात दुसरं बूड बसवलं. शेतात मला ओतायचा, ओढ्यात विसळायचा आणि दोन बुडांच्या मध्ये बटाटे सरकवायचा. फाटकावरचे शिपाई लांबूनच ओरडायचे, "हो पुढं, हो पुढं." मीही काही कमी नाही. जाताना भरलेली असले की हिंदकळायचेच एखाद्याच्या बुटावर.

संध्याकाळी लंबू बटाटे शेगडीत भाजायचा.

"कुठनं आणतोस रे?" दादा विचारायचा.

"स्वयंपाकी देतो. गप खा."

"वास येतोय याला."

"तुझंच नाक बिघडलंय."

दादा हळूहळू बसायला लागला, भिंत धरून चालायला लागला.

मग फाटकावर नवा शिपाई आला.

"थांब. पालथी कर ती."

"वास मारतेय हो."

"वासाचं मला नको सांगू. उभा जन्म कातडी कमावण्यात गेला माझा." मेल्यानं वाकून माझ्या बुडावर टिचकी मारली. वाजलं पोकळ. दुसरं बूड सरकवलं, तर मध्ये दोन बटाटे.

साहेबानं सगळ्यांना रांगेत उभं केलं. मला भरून आणवलं आणि ते बटाटे माझ्यात टाकवले. स्वतः नाकाला रुमाल. "आवडतात ना? काढ आणि खा." शिपाई खिदळत होते.

लंबू वाकला, तेवढ्यात दादा रांगेतून पुढं आला. "साहेब, खाल्लेत मी. हा नुसता आणायचा."

"मग तू खा."

"दादा, मागं हो," लंबू म्हणाला.

"गप. लहान आहेस तू."

दादानं बाही वर सारली, हात माझ्यात घातला आणि दोन्ही बटाटे खाल्ले. चावून चावून. साहेबानं शेवटपर्यंत बघितलं, मग गेला जेवायला. थू.

दादाला पुन्हा जुलाब लागले ते थांबलेच नाहीत. मी रोज जड होत गेले, दादा हलका.

लढाई संपल्यावर लंबू एकटा घरी गेला. मी या शेताच्या कडेला गंजतेय, बुडं दोन्ही गळून गेली. ओळखलंत का शेवट? नाहीच ना. दोन बटाटे होते हो. त्यांच्या बदल्यात साहेबानं लंबूचा थोरला भाऊ घेतला.