एस्पोझितोंचं गोत्र

सुहासिनीचे मोठे दीर गुरुनाथ यांना माणसाच्या नावात काडीचा रस नव्हता. त्यांना आडनाव लागायचं. आडनाव कळलं की गाव कळतं, गाव कळलं की घराणं, आणि घराणं कळलं की माणूस कळला, मग तो माणूस समोर तोंड उघडून काय सांगतोय ते ऐकायची गरज नाही, असा त्यांचा खाक्या. पुण्यात भूगोलाचे प्राध्यापक म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःच्या घराण्याचा जाडजूड कुलवृत्तांत छापून घेतला होता. आता मिशिगनमध्ये, ट्रॉयला धाकट्या भावाकडे आल्यावर, हात रिकामे राहू नयेत म्हणून त्यांनी इटालियन आडनावं धरली होती. निमित्तही तसंच होतं. पुतणी अनिका निको नावाच्या इटालियन वंशाच्या मुलाशी लग्न करणार होती. रविवारी साखरपुडा होता आणि त्याचे विधी भाऊजी स्वतः सांगणार होते.

"हे बघ सुहासिनी," सकाळचा चहा घेता घेता ते सुरू व्हायचे. "तुमचा तो प्लंबर, फेरारो. म्हणजे लोहार. समोरचे मोलिनारी, त्यांच्या पूर्वजांची पिठाची गिरणी असणार. बार्बिएरी म्हणजे न्हावी. रुस्सो म्हणजे तांबड्या केसांचा, आपल्याकडे गोरे आणि काळे आहेत तसंच. आणि रोमानो म्हणजे तर चक्क रोमकर. आपलेच आहेत गं हे लोक."

सुहासिनी नुसतं हूं म्हणायची आणि तव्यावरची पोळी उलटायची. निकोचं आडनाव होतं एस्पोझितो, आणि त्याचा अर्थ तिला माहीत होता.

अनिकाने पहिल्यांदा ते आडनाव सांगितलं त्याच दिवशी तिने किराणा दुकानाच्या पार्किंग लॉटमध्ये बसून फोनवर शोधलं होतं. नेपल्समध्ये एका मोठ्या अनाथालयाच्या भिंतीत लाकडाचं फिरतं कपाट होतं, त्याला चाक म्हणायचे. बाहेरून बाईने त्यात मूल ठेवायचं, कपाट फिरवायचं आणि निघून जायचं. आतल्या बाजूला नन ते मूल उचलून घ्यायच्या. अशा बिनबापाच्या मुलांना आडनाव लावायचे एस्पोझितो. म्हणजे बाहेर ठेवलेला. टाकलेला. एवढं वाचून झाल्यावर सुहासिनीला बराच वेळ गाडी सुरू करता आली नव्हती.

तिला इतकं का लागलं, ते जगात फक्त तिच्या नवऱ्याला, संजयला ठाऊक होतं. नागपूरच्या एका अनाथाश्रमाच्या फाटकाशी पाळणा टांगलेला असायचा, सुहासिनी त्या पाळण्यातली. एका शिक्षक जोडप्याने तिला पाऊल टाकायला लागायच्या आधी घरी नेलं, आपलं आडनाव दिलं, आणि ते आडनाव इतकं भारदस्त होतं की पुढे तिला कोणी काही विचारलंच नाही. संजयने घरी लग्नाचं सांगितलं तेव्हा भाऊजींनी आडनाव विचारलं, ऐकलं, आणि "उत्तम घराणं, मला माहीत आहे" म्हणून मोकळे झाले. लग्न रजिस्टर झालं, त्यामुळे गोत्राचा प्रश्न आलाच नाही. अनिकालाही तिने सांगितलं नव्हतं. आधी पोर लहान आहे म्हणून, मग तिच्या परीक्षा आहेत म्हणून, आणि मग आता इतक्या उशिरा कोणत्या तोंडाने सांगायचं म्हणून.

भाऊजींनी मात्र एस्पोझितोचा अर्थ मुद्दाम शोधला नव्हता. "घराण्याची माहिती घरच्या वडीलधाऱ्यांकडून घ्यावी," ते म्हणाले. "शनिवारी मुलाचे आजोबा जेवायला येतायत ना? त्यांनाच विचारतो. रविवारी संकल्पात मुलाचं कूळ, गोत्र नीट उच्चारायला हवं. गोत्र नसलंच तर काश्यप म्हणता येतं, ती सोय आहे. पण कूळ तरी कळू दे."

शुक्रवारी अनिका आईला गाठून हळू आवाजात म्हणाली, "आई, निकोने मला त्याच्या नावाचं सांगितलंय. मला काहीच प्रॉब्लेम नाही, इट्स ब्यूटिफुल. पण काका त्याच्या आजोबांसमोर काही बोलले ना, तर मी रविवारी येणार नाही. आय मीन इट. कोर्टात लग्न करीन आणि तुम्हाला फोटो पाठवीन."

"अनू, ते मोठे आहेत."

"सो इज निकोज ग्रँडपा."

ती धमकी देत नव्हती. अनिका चिडली की आरडाओरडा करायची. हळू बोलली म्हणजे ठरवून बोलली, हे सुहासिनीला तिच्या लहानपणापासून ठाऊक होतं. तिने संजयला गाठलं. भाऊजींना एवढं सांग, की तो विषय काढू नका. संजयने कपाळाला हात लावला. "दादाला मी काय सांगणार यार? सांगितलं की का म्हणून विचारेल. तूच काहीतरी करून विषय बदल." कंपनीत शंभर माणसांना कामाला लावणारा हा माणूस भावासमोर अजून हाफ पँटमध्ये असायचा. सुहासिनीला त्याचा राग आला, आणि राग आला तरी काही उपयोग नव्हता, म्हणून ती स्वयंपाकाला लागली. विषय बदलायला म्हणून तिने कोथिंबीर वडी केली, भरली वांगी केली, मसालेभात केला, वर आमरस काढला.

शनिवारी संध्याकाळी निको आजोबांना घेऊन आला. त्याचे आईवडील दुसऱ्या दिवशी विमानाने पोचणार होते. आजोबांचं नाव साल. निवृत्त दंतवैद्य, बारीक चणीचे, कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले. त्यांनी दारात बूट काढले, सुहासिनीला हात जोडून नमस्ते केलं आणि प्रत्येक पदार्थाचं नाव तिला विचारून घेतलं. ती इंग्रजीत समजावत होती, ते मान डोलावत होते. माणूस तिला मनापासून आवडला, आणि त्यामुळे भाऊजी काय बोलतील याची भीती आणखीच वाढली.

"डॉक्टर एस्पोझितो," भाऊजींनी घसा साफ केला, "तुमच्या नावाबद्दल मला—"

"अजून एक वडी घ्या," सुहासिनी मध्ये पडली. सालनी घेतली.

थोड्या वेळाने भाऊजी परत सरसावले. संजयला जाग आली आणि त्याने डेट्रॉइटच्या फुटबॉल टीमचं काढलं. निको त्यावर बोलला, साल बोलले, भाऊजी संयमाने हसत बसून राहिले. वर्गात गडबड संपायची वाट बघावी तसे ते थांबले आणि गडबड संपल्याबरोबर म्हणाले, "तर, एस्पोझितो. या आडनावाचा उगम काय?"

विषय बदलायला आता कोणाकडेच काही उरलं नव्हतं. सुहासिनी भाताचा डाव हातात धरून उभीच राहिली. अनिकाने आईकडे एकदा पाहिलं आणि आपली पर्स खुर्चीच्या पाठीवरून काढून मांडीवर घेतली.

सालनी काटा खाली ठेवला. त्यांचा चेहरा खुलला. "बरं झालं विचारलंत," ते म्हणाले. "हल्ली कोणी विचारत नाही." आणि त्यांनी सगळं सांगितलं, काही न लपवता. त्यांच्या पणजोबांच्या वडिलांना कोणीतरी नेपल्सच्या त्या चाकात ठेवलं. अंगात ताप होता. आत अशी पुष्कळ मुलं मरायची, हे जगलं. "आता जन्मदात्या आईने टाकलं असं लोक म्हणतात. आमच्या घरात तसं म्हणत नाहीत. तिने त्याला थंडीतून आत ठेवलं, म्हणून मी इथे बसून तुमची वांगी खातोय. तिचं नाव आम्हाला माहीत नाही. म्हणून सणाला आम्ही टेबलावर एक ताट जास्त मांडतो. तिचं." त्यांनी नातवाकडे पाहिलं. "निको लहानपणी विचारायचा, ती कधी येणार."

निको हसला. सुहासिनीने डाव पातेल्यात ठेवला.

भाऊजी हसतच होते. हसत हसत त्यांनी नॅपकिनची घडी घातली आणि आमरस छान झालाय म्हणावं अशा सुरात मराठीत म्हणाले, "संजय, हे जमायचं नाही. टाकलेल्या पोराचा वंश हा. ज्याच्या आईबापाचा पत्ता नाही त्याचं रक्त कसलं, कुणाला ठाऊक. उद्याचं कॅन्सल करायला काहीतरी कारण काढू. यांना आत्ता काही कळू देऊ नकोस."

परदेशातल्या मराठी घरांना ही एक खोड असते. पाहुण्यांच्या तोंडावर, चेहरा हसरा ठेवून, मराठीत हवं ते बोलून घ्यायचं. सुहासिनीने स्वतः ते कितीदा केलं होतं. कोणाच्या बुटांबद्दल, कोणाच्या बायकोबद्दल. समोरच्याला कळत नाही म्हणजे कोणालाच लागत नाही, असं तिला वाटायचं. आता तसंच एक वाक्य टेबलाशी बसलेल्या एस्पोझितोंना न शिवता सरळ तिच्या छातीत घुसलं.

अनिकाने खुर्ची मागे सारली.

"काय म्हणाले ते?" सालनी विचारलं. त्यांनी सुहासिनीकडेच पाहून विचारलं, कारण संध्याकाळपासून त्यांना सगळं तीच सांगत होती.

"ते म्हणतायत, फार इंटरेस्टिंग इतिहास आहे," संजय घाईघाईने म्हणाला.

साल अजून तिच्याकडेच पाहत होते. एवढंच करायचं होतं, मान हलवायची आणि वाटीत आमरस घालायचा. आजवर तिने असंच निभावलं होतं. पण मान हलेना.

"नाही," ती इंग्रजीत म्हणाली. "तसं नाही म्हणाले. ते म्हणाले, टाकलेल्या मुलाचं रक्त कसलं असतं, कुणाला ठाऊक." मग ती भाऊजींकडे वळली. "मी सांगते कसलं असतं. माझ्यासारखं असतं."

"सुहासिनी," भाऊजी मराठीत म्हणाले, "काय बोलतेयस तू?"

"खरं तेच बोलतेय, भाऊजी. नागपूरला आश्रमाच्या फाटकाशी पाळणा होता, मी त्यातली. आडनाव आईबाबांनी दिलं. तुम्ही आडनाव विचारलंत, ते तुम्हाला सांगितलं. त्यापुढे तुम्ही कधी काही विचारलं नाहीत." तिला रडायला येत होतं आणि रडायचं नव्हतं. "इतकी वर्षं तुम्ही माझ्या हातचं जेवताय. तुमच्या कुलवृत्तांतात माझं नाव आहे, माझ्या लेकीचं आहे. ते रक्त कसलं, ते तुम्हीच सांगा आता. आणि उद्या निकोचं गोत्र काश्यप म्हणा. कोणी माझं विचारलं तर माझंही तेच सांगा."

भाऊजींनी संजयकडे पाहिलं. संजयने त्या दिवशी पहिल्यांदा नजर खाली घातली नाही. "मला माहीत होतं, दादा," तो म्हणाला. "पहिल्यापासून."

अनिका उभी होती. पर्स खुर्चीवर टाकून ती टेबलापासून निघाली, आणि सुहासिनीच्या मनात आलं, गेली. काकांमुळे जाणार होती, आता माझ्यामुळे गेली. आपल्या आईबद्दल असं चारचौघांत, परक्यांसमोर ऐकायला लागलं, कोण थांबेल? तिने मागे वळून बघायचं टाळलं. बाहेरचा दरवाजा वाजायची ती वाट बघत राहिली.

वाजलं ते स्वयंपाकघरातलं कपाट. अनिका एक ताट घेऊन परत आली. तिने ते आईच्या आणि काकांच्या मध्ये टेकवलं. जागा पुरत नव्हती, ताट अर्धं टेबलाबाहेर राहिलं, आणि तिने ते हाताने धरून ठेवलं.

"तुझ्या त्या आईसाठी," ती म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. "वाढ ना, आई."

सालना शब्द कळले नाहीत, पण ताट कळलं. ते उठून उभे राहिले.

सुहासिनीने डाव उचलला. गुरुनाथ भाऊजींनी त्या रिकाम्या ताटाकडे पाहिलं, मग आपली आमरसाची वाटी बाजूला घेतली आणि खुर्ची सरकवून जागा केली.