वर चढलेला ठिपका

दवाखान्यातल्या लहान मुलांच्या काट्यावर त्याने दहा किलोचं वजन ठेवलं, तर काट्याने दहा किलो चारशे ग्रॅम दाखवलं. त्याने वजन उचललं, पुसलं, पुन्हा ठेवलं. काटा आपल्या म्हणण्यावर ठाम होता.

"कधीपासून असं?" त्याने विचारलं.

सिस्टर म्हणाली, महिन्यापूर्वी फरशी धुताना कुणाच्या तरी हातून काटा आपटला होता. तेव्हापासून येणारी प्रत्येक आई खूश होऊन जायला लागली, म्हणून तिला शंका आली आणि तिने काटेवाल्या काकांना बोलावून घेतलं.

दुकानांतले, दवाखान्यांतले काटे दुरुस्त करण्यात काटेवाल्याची हयात गेली होती. चुकलेला काटा त्याला नवा नव्हता. पण दोन आठवड्यांपूर्वी याच काट्यावर त्याची तीन वर्षांची नात उभी राहिली होती.

नातीला घरात भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. अंगाने नुसती काडी. वाढीच्या तक्त्यावर तिचा ठिपका वर्षभर सगळ्यांत खालच्या रेषेखाली घुटमळत होता आणि त्या ठिपक्यापायी सुनेला घरात मान वर करता येत नव्हती. त्याची बायको मनाने वाईट नव्हती, पण तिच्या जिभेला हाड नव्हतं. पोरीला भरवतेस की नुसत्या ताटल्या धुतेस, असं ती चार माणसांत विचारायची. मग ठिपका रेषेच्या वर चढला. डॉक्टरीणबाईंनी ठरलेल्या रक्ततपासण्या पुढे ढकलल्या, सुनेने तक्त्याचा फोटो माहेरी पाठवला आणि बायकोचं तोंड बंद झालं. घरात इतकी शांतता आली, की काटेवाल्याचंच जेवण अंगी लागू लागलं.

हात मात्र त्याला सांगत होते. रोज संध्याकाळी तो भिंगरीला उचलून घ्यायचा आणि ती होती तेवढीच लागायची. पण दुकानातलं गिऱ्हाईक पिशवी हातात तोलून कुरकुरू लागलं, की हाताला काय कळतंय, असं सुनावणारा माणूस तो. स्वतःच्या हातांवर कसा विश्वास ठेवणार?

काटा ठीक करून तो डॉक्टरीणबाईंकडे गेला. महिन्याभरात वजन केलेल्या सगळ्या मुलांना परत बोलवा, असं त्यांनी सिस्टरला सांगितलं. मग भिंगरीचा तक्ता काढून त्यांनी चारशे ग्रॅम वजा केले आणि मागच्या नोंदीशी ताडून पाहिलं.

"वजन वाढलेलंच नाही," त्या म्हणाल्या. "उंची वाढलीय. म्हणजे बीएमआय आधीपेक्षा खाली गेलाय. उद्याच आणा तिला. तपासण्या आता थांबवायच्या नाहीत. काय निघेल ते आत्ता सांगता येणार नाही."

सिस्टर घरी फोन लावणार होती. मी सांगतो, म्हणाला तो.

सांगतो म्हणणं सोपं होतं. पुढच्या दुकानात त्याने एक चांगला स्क्रू उलटा फिरवून खराब केला. चहा मागवला आणि तसाच ठेवून उठला. घराच्या कोपऱ्यापर्यंत आला आणि काहीतरी विसरल्यासारखं करून परत फिरला. सांगावं तर बायकोची जीभ पुन्हा सुटणार. न सांगावं तर पोरीच्या अंगात जे काही असेल ते आतच बसून राहणार. ज्या कामावर पोट भरलं त्याच कामाने असा दगा द्यावा, याची त्याला चीड येत होती, आणि चिडायचं कुणावर तेही कळत नव्हतं.

सून घराच्या मागे कपडे वाळत घालत होती. भिंगरी तिच्या पायांत घोटाळत होती. त्याने एका दमात सगळं सांगून टाकलं.

सून थांबली नाही. हातातला फ्रॉक झटकून तिने दोरीवर टाकला, चिमटा लावला.

"मला माहीत होतं, बाबा," ती म्हणाली. "तिच्या चड्डीचं इलॅस्टिक मी परवाच आवळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"काट्याने सांगितलं होतं ना. म्हटलं, माझंच चुकत असेल." मग तिने पुढचा ओला कपडा उचलला. "आणि घरात कुणी टोचून बोलत नव्हतं. मला तेवढे दिवस हवे होते, बाबा. पोरीच्या जिवावर मी निवांत झोपले."

मीही गप्पच बसलो, एवढंच तो पुटपुटला. मागे वळला तर दारात बायको उभी होती. कधीपासून, कुणास ठाऊक. आता तोंड सुटणार, म्हणून तो मध्ये सरकला. पण सुनेच्या हातातले ओले कपडे तिने काढून घेतले आणि स्वतःच वाळत घालू लागली.

दुसऱ्या दिवशी तिघंही भिंगरीला घेऊन दवाखान्यात गेले. सुनेने तिचा स्वेटर उतरवला, मग फ्रॉक, मग मोजे. एवढं पुरे, सिस्टर म्हणाली. तरी सून पोरीच्या केसांतल्या दोन क्लिपा काढू लागली.

"अगं, क्लिपांनी काय होतंय?"

"असू दे," सून म्हणाली. "जेवढं खरं आहे तेवढंच येऊ दे."

तिने क्लिपा सासऱ्याच्या हातात दिल्या आणि भिंगरीला काट्यावर उभं केलं. सिस्टरने आकडा वाचला. काटेवाल्याने काट्याकडे पाहिलं नाही. तो तळहातावरच्या क्लिपांकडे बघत राहिला.