सोमवारी हलणारी सुई

आमच्या बेटावरच्या वेधशाळेत पृथ्वीचं चुंबकत्व मोजायची एक लाकडी खोली आहे. तिचे खिळेसुद्धा तांब्याचे. नोंदी घेणारे पेनिआमिनाकाका किल्ल्या बाहेर ठेवून, कमरेला लावालावा, म्हणजे आमच्याकडची लुंगी गुंडाळून, अनवाणी आत जात. तरी दर सोमवारी आतली चुंबकसुई हलायची.

"मी तपासणीला येतो सोमवारी, आणि चूक नेमकी सोमवारी!" दारात छत्री आपटत नवे साहेब म्हणाले. "रविवारी चर्चनंतर पोट फुटेस्तोवर डुक्कर खायचं आणि इथं येऊन पेंगायचं! आज पुन्हा हलली, तर उद्यापासून घरी बसा."

"बसतो की. पण आधी ती लोखंडी काड्यांची छत्री घेऊन जरा त्या माडापर्यंत जाऊन या, साहेब."

साहेब माडापर्यंत गेले, तशी सुई जागेवर आली. ते दारात परतले आणि सुई पुन्हा हलली.

काकांची नोकरी वाचली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी खोलीच्या दारावर सूचना ठोकली, 'कर्मचाऱ्यांनी आत लोखंड आणू नये.' तिला चार लोखंडी खिळे होते, त्यामुळे सुई मंगळवारीही हलली.

काकांनी खिळे उपटले आणि नीरफणसाच्या चिकानं सूचना पुन्हा नीट चिकटवली.

"नियम चांगला आहे," ते म्हणाले. "राहू दे."