वेलावरची काकडी

कमलेशने वेलावरच्या काकडीला हात घातला आणि गोदाने तो हात मनगटाशी धरला.

"ती नाय," ती म्हणाली.

कमलेश दचकला. ठाण्यात चांगल्या ऑफिसात नोकरी करणारा माणूस. पैसे देऊन जेवायला आलेल्याचा हात असा कोणी धरतं का? दाभोशाचा धबधबा बघून, नखशिखान्त भिजून, भुकेने कासावीस होऊन तो आणि त्याचे पाच मित्र गोदाच्या पडवीत बसले होते. पानात गरम भात होता, उडदाचं वरण, अळूची भाजी, सुकटीची चटणी आणि गेल्या वर्षीच्या नाचणीची भाकरी. सगळं झकास चाललं होतं. फक्त पडवीपुढच्या मांडवावरून, अगदी हाताला लागतील अशा, कोवळ्या काकड्या लोंबत होत्या.

"ताई, हवं तर वेगळे पैसे घ्या."

"पैशाचं नाय, भाऊ. वाघबारस झाली नाय अजून."

"म्हणजे?"

"दिवाळीच्या तोंडावर असते. त्या दिवशी वाघदेवाला नवं पीक दाखवायचं. त्याच्या आधी आमच्या पाड्यात काकडी कोणी तोडत नाय. आमी रानात जातो, तो रानात राहतो. पयलं त्याचं."

"पण आम्ही कुठे तुमच्या पाड्यातले?"

"वेल पाड्यातला हाय ना."

एक मित्र फिस्सकन हसला. कमलेश हसला नाही. तो मुकाट्याने जेवला, पैसे ठेवून उठला आणि जीपचं दार त्याने जरा जास्तच जोरात लावलं.

जीप वळणाआड गेल्यावर गोदाचा नवरा तुका खांबाला टेकून म्हणाला, "शाब्बास! चार महिने पाहुण्यांची वाट बघितली. आले, तर तू त्यांचा हात धरलास."

"मग काय तोडू द्यायची होती?"

"मी कुठं तसं म्हणतो?" तुका म्हणाला. ते मात्र त्यालाही म्हणवलं नसतं. त्याने पानं गोळा केली आणि गुरांपुढे टाकायला घेऊन गेला.

चार महिने म्हणजे मे महिन्यापासून. वीटभट्टीवरून परत येताना गोदा जव्हारच्या स्टँडवर उतरली, तेव्हाच तिने ठरवलं होतं की आता पुन्हा त्या ट्रकमध्ये चढायचं नाही. दिवाळी झाली की भिवंडीकडचा ट्रक यायचा, पाडा अर्धा रिकामा व्हायचा आणि पावसाच्या तोंडावर माणसं भाजून परत यायची. ती भाजणूक तिने सोसली असती. पण तिची वेणू दोन वर्षं चौथीतच बसली होती. दर दिवाळीनंतर तिचं दप्तर खुंटीला लागायचं. गुरुजी चांगले, पण हजेरीत नसलेल्या पोरीला तेही कुठून पास करणार? वेणूने एकदा भट्टीवर ओल्या विटेवर काडीने बेचा पाढा लिहिला होता, आणि गोदाच्या डोळ्यांदेखत ती वीट भाजायला गेली.

तिला एकच गोष्ट झकास यायची, ती म्हणजे रांधणं. आणि धबधब्याची वाट दारावरून जायची.

पण लोकांना कळणार कसं? हमरस्त्यावर पाटी रंगवायची तर रंगाऱ्याने सांगितलेला आकडा ऐकूनच तुकाने हात जोडले. तेव्हा तिला निशा भेटली. जव्हारच्या स्टँडमागे तिने दोन कॉम्प्युटर मांडून सायबर कॅफे काढला होता. बाप कारकून, पोरगी बी.कॉम., आणि जिभेला लगाम नाही. गोदा भाजी विकता विकता सावलीला म्हणून दारात टेकली आणि निशाने तिला आत ओढलं.

"पाटी कशाला, ताई? इथे फुकट पान मिळतं. ब्लॉग म्हणतात. ठाणे, नाशिक, पुणे, सगळीकडचे बघतात."

"फुकट म्हणजे तुला काय द्यायचं?"

"आठवड्याला चार गावठी अंडी."

सौदा पटला. मराठीत पान तयार झालं. चुलीचा फोटो, भाताच्या डेगीचा फोटो. गोदा स्वतः फोटोत यायला तयार नव्हती. तिचा हात तेवढा आला, भाकरी थापताना. फोनचा प्रश्न होता, कारण पाड्यात रेंज नव्हती; ती फक्त वरच्या टेकाडावर, टेपावर, मिळायची. म्हणून खाली लिहिलं, 'फोन संध्याकाळी चार ते पाच करावा. तेव्हा मी टेपावर जांभळाखाली असते.' निशा हसून हसून बेजार झाली, पण तिने लिहिलं. पानाच्या तळाशी किती जणांनी पान बघितलं त्याचा आकडा होता. महिनाभराने तो एकोणीसवर गेला, आणि त्यातल्या सतरा वेळा आपणच बघितलं हे निशाने खाली मान घालून कबूल केलं.

असं रखडत रखडत सप्टेंबरात ते सहा जण आले होते.

पुढच्या बाजाराच्या दिवशी गोदा अंडी घेऊन गेली, तेव्हा निशाचं तोंड उतरलेलं होतं.

"ताई, त्या माणसाने पानावर लिहिलंय. मी पुसून टाकते. एक बटण दाबलं की गेलं."

"आधी वाच तरी."

निशाने वाचलं. "जेवण चांगलं. पण समोर काकड्या लोंबत असताना, पैसे देऊ केले तरी दिल्या नाहीत. वर हात धरला. गिऱ्हाइकाशी वागायची ही रीत नव्हे. जाण्यापूर्वी विचार करा. कमलेश, ठाणे."

गोदाने पदराने मानेवरचा घाम टिपला. तिला वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. खुर्चीच्या कडेवर बसून ती पडद्याकडे बघत राहिली. एवढा रानावनातून आलेला माणूस, आपल्या हातचं जेवला आणि रागावून गेला.

"पुसू ना?"

"खोटं काय लिवलंय त्यानं?"

"अहो, पण हे वाचून कोण येईल?"

"हात मी धरला. काकडी दिली नाय. त्यानं लिवलं ते खरं हाय, आणि खरं पुसायचं तर मग बाकीच्यावर कोण इश्वास ठेवंल? राहू दे. मी सांगते तसं खाली लिही."

निशाने कपाळाला हात लावला, आणि मग तो कीबोर्डवर ठेवला. गोदा सांगत गेली. मधे थांबली, मान हलवली, एक वाक्य मागे घेतलं. शेवटी उरलं ते असं:

'कमलेशभाऊ, तुम्ही खरं लिहिलं. काकडी होती आणि मी दिली नाही. मलाही खाता येत नाही. माझी वेणू रोज वेलाखाली उभी राहून बघते, तिलाही नाही. आधी वाघाचं, मग पाहुण्याचं, मग आमचं. तुम्ही उपाशी गेला नाहीत पण नाराज गेलात, ते मला लागलं. वाघबारशीला या. पहिली काकडी तुमच्या पानात. गोदा.'

"आता धंद्याला रामराम," निशा म्हणाली आणि बटण दाबलं.

पंधरा दिवस गोदा जव्हारला गेली नाही. भात पोटरीला आला होता, रानडुकरं उतरत होती, रात्रपाळीची राखण होती. रोज चारला मात्र ती टेपावर जायची. फोन वाजायचा नाही. पाड्यातल्या बायका पाण्याला जाताना विचारायच्या, "काय गो, जांभळाला जांभळं लागली का?" गोदाही हसायची. खाली उतरताना मात्र तिला समोर ट्रक दिसायचा.

सोळाव्या दिवशी फोन वाजला. मग लगेच दुसरा. पाच वाजले तरी थांबेना. सगळ्यांचा एकच प्रश्न, "वाघबारस कधी आहे हो?"

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या जीपने निशाकडे. निशा दारातच नाचत होती.

"ताई, आकडा बघा! चार हजार!"

झालं होतं असं, की डोंगरदऱ्यांत भटकंती करणाऱ्यांच्या एका ऑर्कुटच्या गटात कोणीतरी कमलेशची तक्रार आणि गोदाचं उत्तर, दोन्ही जशीच्या तशी चिकटवली होती. मथळा दिला होता, 'काकडी न देणारी बाई'. तिथून ते ईमेलने कुठल्या कुठल्या ऑफिसांत फिरलं. खाली लोकांनी पानंच्या पानं लिहिली होती. एकीने लिहिलं होतं, 'माझी आजी पण अशीच हातावर मारायची.' एकाने लिहिलं होतं, 'जी बाई स्वतःच्या पोरीला देत नाही ती आपल्याला शिळं देणार नाही.' हे निशाने दोनदा वाचून दाखवलं.

"पेपरात एवढी जाहिरात द्यायची तर जमीन विकावी लागली असती," ती म्हणाली. "आणि मी ते पुसणार होते!"

त्या संध्याकाळी टेपावर आणखी एक फोन आला. पलीकडचा माणूस आधी नुसताच खाकरला.

"ताई, मी कमलेश. तो काकडीवाला."

"बोला भाऊ."

"ऑफिसात सगळे मला काकडीच म्हणतात आता. आम्ही अकरा जण येऊ का?"

"या की. पान मांडून ठेवते."

एकूण पंचेचाळीस माणसं झाली. एकटीच्या चुलीचं हे काम नव्हतं. गोदाने शेजारच्या चंदनाला आणि फागीला हाक दिली. दोघींची नावं दरवर्षी तिच्याबरोबर त्याच ट्रकच्या यादीत असायची. तिघींनी मिळून नवा भात कांडला, करांदे खणून आणले, पळसाची पानं खुडली. काकड्या मात्र वेलावरच. त्या सकाळी, पूजेनंतरच तोडायच्या, किसायच्या आणि नव्या तांदळाच्या पिठात गूळ घालून, पानात गुंडाळून सावेल्या उकडायच्या. वेणू शाळेला सुट्टी म्हणून सकाळपासून मांडवाखालीच होती.

वाघबारशीला उजाडताच जीपा यायला लागल्या. कमलेश सगळ्यांत आधी उतरला. या खेपेला त्याने गोदाला नमस्कार केला, वेलाकडे एकदाच बघितलं आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिला. भगत पुंजाबाबा पूजेचं सामान घेऊन पाड्याच्या वरच्या अंगाला, वाघदेवाच्या दगडाकडे निघाले होते. पाहुणे पडवीत, अंगणात, बांधावर, जिथे जागा मिळेल तिथे बसले. तिन्ही चुली पेटल्या होत्या. गोदाला वाटलं, एवढी माणसं आपल्या दारात लग्नालाही नव्हती. छाती नुसती भरून आली होती, पण बघत बसायला वेळ कुठे होता?

तेवढ्यात मोटरसायकल वाजली. भट्टीसाठी माणसं गोळा करणारा तुळशीदास मुकादम. आज सगळे घरीच असणार हे त्याला ठाऊक होतं. बगलेत नेहमीची लांबट वही. अंगणातली गर्दी बघून तो जरा चक्रावला.

"कोणाचं लग्न काय?"

"पाहुणे हायत," तुका म्हणाला.

"बरं, ट्रक पाडव्यानंतर तिसऱ्या दिवशी. तुका, गोदा, दोन नावं. पोरगी धरून तीन माणसं. लिहू ना?"

तुकाने गोदाकडे बघितलं. पंधरा वर्षांच्या संसारात हे उत्तर त्याने कधी तिच्यावर सोडलं नव्हतं.

गोदाने हातातली पळी डेगीवर आडवी ठेवली आणि चुलीपासून उठून अंगणात आली.

"आमचं लिवू नका. चंदनाचं नको, फागीचं पण नको. त्या माझ्याकडं कामाला हायत."

"तुझ्याकडे?" मुकादम मोठ्याने हसला. "पाऊस संपला, गोदाबाय. धबधबा आटला की हे लोक काय तुझं तोंड बघायला येणार?"

"पुढल्या रविवारी वीस येतायत," चुलीपाशी बसलेली फागी तिथूनच ओरडली. "त्याच्या पुढल्या रविवारी तीस!"

"आणि वेणूला शाळा हाय," गोदा म्हणाली. हे वाक्य तिला किती वर्षं बोलायचं होतं, ते तिचं तिलाच माहीत.

मुकादमाने खांदे उडवले. वही मिटली. चार माणसांसमोर नाक खाली झालेला माणूस काहीतरी करायचं म्हणून करतो, तसा तो मांडवाखाली गेला. "बरं बाबा, चालवा हॉटेल. निदान काकडी तरी खिलवा," असं म्हणत त्याने सगळ्यात खालच्या, सगळ्यात मोठ्या काकडीला हात घातला.

गोदा दोन पावलं पुढे झाली.

पण त्याआधीच एका हाताने मुकादमाचं मनगट धरलं होतं. चांगलं घट्ट.

"ती नाही," कमलेश म्हणाला. "वाघाचं व्हायचंय अजून."

पडवीत हशा उसळला. कमलेशही हसला, पण हात त्याने सोडला नाही. वरच्या अंगाला पुंजाबाबांनी नारळ फोडल्याचा आवाज आला. गोदाने पदराने डोळे पुसले. धूर फार झाला होता, असं तिने नंतर चंदनाला सांगितलं.

"तुका," ती म्हणाली, "मुकादमांचं पण पान मांड."